पायाखाली शिल्लक राहणारा आवाज

मिरज

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ऑस्टिनमधल्या त्या डान्स हॉलच्या बँडने तुला पेडल स्टील गिटारवर कायम केले, हे तुझ्या आईने लगेच चार घरी कळवले. माझे लक्ष मात्र पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे गेले, कारण आता स्वतःचा ॲम्प घ्यायचा आहे आणि कोणता घ्यावा, असे तू तिथे विचारले आहेस. दुकानातला जुना फेंडर ट्विन रिव्हर्ब, ओळखीतून मिळणारा पीव्हीचा नॅशव्हिल ४०० आणि नव्या पद्धतीचा हलका हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, व त्यासोबत वेगळा स्पीकर, अशी तीन नावे तू दिली आहेस. माझा जन्म मंडपवाल्यांचे आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेला. आमच्या पिढीने स्टीलचा आवाज ऐकला तो रेडिओवर, व्हॅन शिपले यांच्या हवाईयन गिटारवर. पेडल असलेले स्टील, म्हणजे आडवे ठेवून तारांवर बार सरकवत आणि पायांच्या पेडलांनी तारांचे सूर बदलत वाजवायची ही गिटार, मी पाहिली ती तू वाजवू लागल्यावरच. तरी वीज आणि स्पीकर मिरजेत आणि टेक्ससमध्ये एकाच नियमाने वागतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, साध्या इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा सल्ला या बाबतीत ऐकू नकोस. त्यांना ॲम्प थोडा ताणला जाऊन आवाज किंचित फाटलेला हवा असतो, आणि त्यांच्या वाद्याला तो शोभतोही. तुझ्या वाद्यात दोन, तीन, कधी चार तारा एकाच वेळी बोलतात आणि त्यांच्यातले अंतर तू कानाने जुळवलेले असते. फाटलेल्या आवाजात त्या सुरांची आपसात बेरीज-वजाबाकी होते. ३३० हर्ट्झचा ई आणि ४१५ हर्ट्झचा जी शार्प एकत्र वाजवलेस, तर फाटणारा ॲम्प त्यातून ८५ हर्ट्झचा एक तिसराच सूर काढतो, जो तू वाजवलेला नसतो आणि गाण्याच्या पट्टीशी ज्याचा मेळ बसेलच असे नाही. दोन तारांवर हे चालून जाते, पण तारा सी-सिक्स पद्धतीने लावलेल्या असताना वाजणाऱ्या भरगच्च कॉर्डवर त्याचा चिखल होतो. म्हणून स्टीलच्या ॲम्पकडून पहिली अपेक्षा ही की, तो शेवटपर्यंत स्वच्छ राहावा.

हा शेवट नेमका कुठे येतो, हे तुझ्या उजव्या पायाशी ठरते. तू व्हॉल्यूम पेडल अर्ध्याच्या आसपास धरून तार छेडतेस आणि सूर विरू लागला की पाय हळूहळू खाली नेतेस, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर लांबत गेल्यासारखा वाटतो. संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्याचा भात्यावरचा पाय आठव. सूर धरून ठेवण्याचे काम तुझ्याकडेही पायाकडेच आले आहे. विरणारा सूर उचलून धरायला ॲम्पला फारशी जादा ताकद लागत नाही, कारण तारेतून जेवढे कमी झाले तेवढेच पेडल भरून काढत असते. ताकद लागते ती पुढच्या क्षणी. पाय खालीच असताना तू नवी तार छेडलीस, की तो ताजा ठोका पूर्ण उघडलेल्या पेडलमधून थेट ॲम्पवर जातो. पायाने दहा डेसिबल वाढवले असतील तर तेवढ्या क्षणापुरती दहापट शक्ती लागते. एरवी आठ वॅटवर सुखाने वाजणारा ॲम्प एकदम ऐंशी वॅट मागतो. ते त्याच्याजवळ नसतील तर नेमक्या त्याच ठिकाणी आवाज फाटतो, आणि मग वाजवणारा पाय आखडून, घाबरत घाबरत वाजवायला लागतो. हॉल लहान असूनही स्टीलवाले मोठे ॲम्प का बाळगतात, याचे उत्तर इथे आहे. ती शक्ती मोठ्या आवाजासाठी नसते, पायाखाली शिल्लक राहावी म्हणून असते.

आता वॅटच्या आकड्यांविषयी, कारण दुकानदार प्रथम तेच तोंडावर फेकतात. ऐंशी वॅट आणि दोनशे दहा वॅट हा फरक कागदावर अडीचपटींहून मोठा दिसतो. कानाला तो जेमतेम चार डेसिबलचा असतो. उलट एका स्पीकरपेक्षा दुसरा तेवढ्याच वॅटमध्ये तीन डेसिबल जास्त देत असेल, तर तुझ्या ॲम्पची शक्ती फुकटात दुप्पट झाली. १९५३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बॉब क्रुक्स यांनी स्टँडेल नावाने जे ॲम्प बनवले, ते पंचवीस वॅटच्या आसपासचे होते. तरीही स्पीडी वेस्टसारखा दांडगा स्टीलवादक ते वापरत असे, कारण आत जेबीएलचा डी-१३० हा पंधरा इंची स्पीकर होता आणि तो थोड्या विजेत भरपूर बोलत असे. माझ्या मते ॲम्प पाहायला गेल्यावर आधी मागे वाकून स्पीकर बघावा आणि मग पुढची बटणे.

तुझ्या बाबतीत पंधरा इंचाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. तुझ्या स्टीलला दोन नेक, म्हणजे तारांचे दोन संच आहेत: एक ई-नाइन पद्धतीने लावलेला आणि दुसरा सी-सिक्स. ई-नाइन नेकवर तुझी सर्वांत खालची तार बी म्हणजे १२३ हर्ट्झची आहे, आणि तेवढे चांगला बारा इंची स्पीकरही सहज पेलतो. पण तुम्ही वेस्टर्न स्विंग, म्हणजे जॅझच्या वळणाचे कंट्री नाचसंगीत, वाजवता, म्हणजे सी-सिक्सवर तुझा मुक्काम बराच असणार. तिथे दहावी तार ६५ हर्ट्झच्या सी वर असते आणि आठवे पेडल तिला ५५ हर्ट्झच्या ए पर्यंत खाली ओढते. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमधला बारा इंची तिथे नुसता कागद हलवतो, सूर देत नाही. पीव्हीचा नॅशव्हिल ११२ तू यादीत घेतला नाहीस, हे त्या दृष्टीने बरे झाले. ८० वॅटचा, बारा इंची, उचलायला सोपा आणि ई-नाइनपुरता उत्तम असा तो ॲम्प आहे, पण तुझे अर्धे काम दुसऱ्या नेकवर आहे.

ट्विन रिव्हर्बचा मोह मी समजू शकतो. १९६३ पासूनची ती घडण, चार सिक्स-एल-सिक्स व्हॉल्व्ह, ८५ वॅट, दोन बारा इंची स्पीकर; त्याच्या टोन सर्किटमध्ये मधल्या सुरांचा पट्टा मुळातच थोडा खाली बसवलेला आहे आणि स्टीलचा नाकातला कर्कशपणा त्यामुळे आपोआप निघून जातो. त्यातला स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तोही सुरेख. पण जुना ट्विन म्हणजे जुने कंडेन्सर. ते सुकलेले असतील तर आवाजाखाली घरघर येते आणि जोराच्या ठोक्याला आवाज दबतो, म्हणजे ज्या राखीव शक्तीसाठी तो घ्यायचा तीच आधी जाते. शिवाय साठच्या दशकातल्या ॲम्पला दोन पिनांची वायर असते आणि विजेची एक तार एका कंडेन्सरमधून पत्र्याला जोडलेली असते. तो कंडेन्सर शॉर्ट झाला तर पत्रा आणि त्याला जोडलेले तुझे स्टील, दोन्ही विजेवर येतात. तुझ्या हातात लोखंडी बार आणि समोर मायक्रोफोन असतो, हे विसरू नकोस. अशा ॲम्पला तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि प्लग काढला असला तरी मागचे झाकण उघडून आत बोट घालू नकोस. आत साडेचारशे व्होल्टच्या आसपास विद्युतभार कंडेन्सरमध्ये साठून राहिलेला असू शकतो. माझ्या कामगारांना मी हे सांगताना आवाज चढवत असे, पत्रात तसे करता येत नाही.

नॅशव्हिल ४०० कडे माझे मन झुकते. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावच्या पीव्ही कंपनीने सत्तरच्या दशकात सेशन ४०० काढला आणि पुढे ऐंशीच्या दशकात हा, आणि दोन्ही स्टीलवाल्यांना समोर ठेवूनच. ट्रान्झिस्टरचे सर्किट, २१० वॅट, पंधरा इंची ब्लॅक विडो स्पीकर. त्या स्पीकरची एक गोष्ट मला फार आवडली: कोन आणि कॉइल मिळून मॅग्नेटवरून स्क्रू काढून वेगळे होतात आणि नवा संच तिथेच बसवता येतो, म्हणजे स्पीकरचा कोन बदलून देणाऱ्या रिकोनिंगवाल्याकडे महिनाभर खेटे नकोत. दुरुस्तीचा विचार करून वस्तू बनवणारा माणूस मला नेहमीच शहाणा वाटतो. जुन्या नगात आवाज मधूनच पडतो असे आढळले तर घाबरू नकोस. इतर उपकरणे जोडण्यासाठी मागे जे जॅक असतात, त्यांच्या आतल्या पात्या गंजून संपर्क सुटतो. बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या जॅकमध्ये एक छोटी वायर लावली की आवाज परत येतो. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर भाव करताना त्याचा उपयोग कर.

त्या ॲम्पवर मधल्या पट्ट्याची दोन बटणे आहेत, एक कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काम करायचे ते ठरवणारे आणि दुसरे किती वाढवायचे-कमी करायचे ते. स्टीलवाले पहिले साधारण ८०० हर्ट्झवर ठेवतात आणि दुसरे डावीकडे फिरवून तेवढा भाग कमी करतात. तिथून सुरुवात कर आणि मग हॉलप्रमाणे कानाने ठरव.

हलक्या संचाबद्दल माझे मत तुला वाटते तसे जुनाट नाही. क्लास-डी पद्धतीत ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो, मधल्या अवस्थेत तापत बसत नाही, म्हणून उष्णता घालवणारा पंखांचा ॲल्युमिनियम पत्रा वाचतो, आणि वीजपुरवठाही अशाच उघडझापीच्या पद्धतीचा असला की मोठा ट्रान्सफॉर्मरही वाचतो. मॅग्नेट निओडायमियमचा घेतला तर स्पीकरही निम्म्या वजनाचा होतो. क्विल्टर, मिल्कमन, टेलॉनिक्स या कंपन्यांनी स्टीलवाल्यांसाठी नीट विचार करून अशी यंत्रे बनवली आहेत. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, जिन्याला लिफ्ट नाही, दुहेरी नेकचे स्टील पेटीसकट तीस किलोंहून जड, आणि ट्विन काय किंवा नॅशव्हिल ४०० काय, तेही तीस किलोंच्या आसपास. पाठ एकदा गेली की कुठलाच ॲम्प उपयोगाचा नाही. पण अशी यंत्रे बिघडली तर आतला एखादा भाग बदलण्याऐवजी बहुधा सबंध बोर्डच बदलावा लागतो, आणि नव्याला पैसेही जास्त. म्हणून माझा सल्ला असा: तुमचा हॉल ठरलेला आहे, तर नॅशव्हिल ४०० घे आणि मालकाला विचारून तिथेच कुलपात ठेव, घरी रियाझाला लहानसे काहीही चालेल. पुढे गावोगाव फिरायची वेळ आली की हलका हेड आणि पंधरा इंची निओडायमियम स्पीकर घ्यावा, त्या वेळी आपण बोलू.

तपासायला जाताना तुझेच स्टील, तुझेच पेडल आणि तुझीच वायर ने. दुकानातल्या गिटारवर ॲम्प ऐकून काही कळत नाही, कारण तारांची कंपने टिपणाऱ्या तुझ्या पिकअपला साध्या गिटारच्या सिंगल कॉइलहून कितीतरी जास्त वेढे आहेत आणि तो इनपुटला जास्त जोराने धडकतो. ॲम्पच्या शेजारी उभी राहू नकोस. हॉलमध्ये बसतेस तशी त्याच्या पुढे, पाठ करून बस. पंधरा इंची स्पीकर वरचे सूर सरळ रेषेत फेकतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला ॲम्प तुझ्या पोटऱ्यांना ऐकू येतो आणि समोर नाचणाऱ्यांना टोचतो. खुर्चीवर चढवून किंवा मागे कलता ठेवून पाहा. मग पाचवी-सहावी तार ए आणि बी पेडल दाबून छेड, पंधराव्या घराच्या वर तिसरी-चौथी-पाचवी वाजव, आणि शेवटी सी-सिक्सवर आठवे पेडल दाबून दहावी तार, पाय पूर्ण खाली नेऊन, दोनदा जोरात. फाटला तर तिथेच कळेल.

पाय अर्ध्यावर असताना आवाज मंद आणि पूर्ण खाली गेल्यावर झगझगीत वाटत असेल, तर तो दोष ॲम्पच्या माथी मारू नकोस. पेडलच्या आतले आवाज कमी-जास्त करणारे ५०० किलोओहमचे पॉट तुझ्या पिकअपवर लोड टाकते आणि लांब वायर वरचे सूर खाते. स्टील आणि पेडल यांच्यामध्ये एक लहान बफर, म्हणजे पिकअपवर भार येऊ न देणारे सर्किट, लावला की हे बहुतांशी मिटते, आणि तो ॲम्पच्या मानाने फारच स्वस्त असतो.

सुट्टीत येताना ॲम्प घेऊन येण्याचा विचार मात्र करू नकोस. तिकडचा ॲम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतो. इथे २३० व्होल्टला थेट लावलास तर धूर निघेल, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापेल. इथे मी तुझ्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा एक कॅबिनेट रिकामा करून ठेवला आहे, त्याला लागेल ते सर्किट मी बांधतो. पैसे देण्याआधी नॅशव्हिलच्या मागच्या पट्टीचा आणि स्पीकरवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो पाठव. ॲम्प बंद करून, स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवून मल्टीमीटरने किती ओहम दाखवतो तेही लिही. चार ओहमच्या स्पीकरला तो आकडा चारपेक्षा थोडा कमी यायला हवा.

तुझा,
बाबा