फोंडा घाटाच्या खालून

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी "बदलीचं काय झालं गं?" असं विचारलं आणि मी "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवून दिला. आवाज नीट येत होता. दोन दिवस ते मनाला लागून राहिलंय. आज शाळा सुटल्यावर इथंच व्हरांड्यात बसून लिहायला घेतलं. बाबा, यंदा मी बदलीचा अर्ज भरलेला नाही. आजवर संधी मिळाली तेव्हा प्रत्येक वेळी भरला, यंदा नाही भरला.

बाबांचे गुडघे, आईच्या बीपीच्या गोळ्या, सगळं डोळ्यांसमोर आहे. दादा-वहिनी घरात आहेत म्हणून माझा जीव थाऱ्यावर असतो. तरी लेकीनं घाट चढून जवळ यावं असं तुम्हाला वाटतं, आणि ते वाटणारच. फक्त रागावण्याआधी हे वर्ष कसं गेलं ते वाचा. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, सलग कधी सांगितलंच नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर 19 मुलं होती. पहिली ते चौथी, आणि शिकवायला सर आणि मी. जुलैअखेर पॅरिसला ऑलिंपिक होणार होतं. आम्ही ठरवलं, वर्षभराचा अभ्यास त्याच्याभोवती बांधायचा. पुस्तकं तीच, गणित-भाषा-परिसर अभ्यास तेच, आत शिरायचं दार तेवढं खेळाचं. 19 चिठ्ठ्या केल्या, 19 देश. एकच अट ठेवली, देशाला समुद्र हवा. इथल्या पोरांना समुद्र कळतो. भरती कधी, वारा कुठला, बांगडा कधी मिळतो, हे त्यांना मला शिकवावं लागत नाही, तीच मला शिकवतात. त्या ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखी जगाकडे जायचं होतं.

पहिला फायदा झाला तो दुसरीच्या जोडाक्षरांना. दरवर्षी रफार आणि रकार यांत मुलं अडकतात, ते तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या लहानपणी आईनं चुलीपुढे बसून माझ्याकडून घोटून घेतलं होतं. यंदा जर्मनी, नॉर्वे, पोर्तुगाल, तुर्की हे चार देश एका ओळीत लिहिले आणि फ्रान्स, ब्राझील, ग्रीस, क्रोएशिया खालच्या ओळीत. वरच्या ओळीत र डोक्यावर बसतो, खालच्या ओळीत पायाशी. आठ दिवसांत दुसरीतला एकही चुकेना. ज्याच्या चिठ्ठीत जो देश, तो त्याला चुकीचा लिहिलेला खपत नव्हता, इतकं ते त्याचं झालं होतं.

तिसरीतल्या एका मुलीला मात्र सेंट लुसिया आला. तिची आई बाजारात मासे विकते. सगळे आपापला देश भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून दाखवत होते, आणि ही डोळ्यांत पाणी आणून माझ्यापाशी आली. "बाई, माजो देश नकाशात नाय." होता, वेस्ट इंडीजच्या बेटांत, मोहरीएवढा ठिपका. तिला चिठ्ठी बदलून हवी होती. मी दिली नाही. पण तिच्याबरोबर बसून शोधलं. पावणेदोन-दोन लाख माणसांचा देश. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या जवळ होता, म्हणजे तिचा देश आमच्या जिल्ह्याच्याही पाव हिश्श्याएवढा. तिथं आंबे होतात, केळी होतात, आणि आमच्या परसात असतो तो नीरफणसही होतो. तिथलं ठरलेलं खास जेवण म्हणजे हिरवी केळी आणि खारवलेला मासा. हे वाचून दाखवलं तेव्हा ती जरा सावरली. खारवलेला मासा तर तिच्या आईच्या टोपलीत असतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे का बघा. 3 ऑगस्टला रात्री पॅरिसमध्ये बायकांची 100 मीटरची शर्यत झाली, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ज्युलियन आल्फ्रेड नावाची मुलगी 10.72 सेकंदांत पहिली आली. देश सेंट लुसिया. त्या देशाला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं हे पहिलंच पदक, आणि तेही सोन्याचं. लहानपणी आपण अनवाणी, शाळेच्या गणवेशात पळायचो, असं तिनं नंतर सांगितलं. सोमवारी आमची ही पोर शाळेत आली ती मान ताठ करून. कुणाला काही बोलली नाही. सरळ नकाशापाशी गेली आणि त्या ठिपक्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. तो गोल मी अजून पुसलेला नाही.

त्याच्या दोनच दिवस आधी, 1 ऑगस्टला, भर दुपारी शाळेत बाबांचा फोन आला होता. शाळेच्या वेळेत बाबा कधी फोन करत नाहीत, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. आणि पलीकडून बाबांचा थरथरता आवाज, "आपल्या राधानगरीचं पोरगं गं, कांबळवाडीचं!" मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा, तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही त्या दहा मिनिटांत 19 मुलांना काय दिलंत. स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये 451.4 गुण करून कांस्य मिळवलं, हे त्यांना टीव्हीवरूनही कळलंच असतं. पण 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते आणि कोल्हापुरातल्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं, हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत, तो आवाज टीव्हीत नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्रातल्या माणसाला वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, हे वजाबाकी करून मुलांनी स्वतः काढलं.

त्या आठवड्यात वर्गातली केरसुणी हीच रायफल. तीन पद्धतींनी धरायची, गुडघ्यावर बसून, पालथं पडून, उभं राहून. पालथं पडून सगळ्यांना जमतं. उभं राहून एक मिनिट टोक न हलवता धरायचं, हे मलाही जमलं नाही. दंगेखोर म्हणून ज्याच्या तक्रारी यायच्या तो चौथीतला मुलगा सगळ्यांत स्थिर उभा राहिला. आता तो रोज प्रार्थनेनंतर मिनिटभर तसाच उभा राहतो.

विनेश फोगटचा दिवस कठीण गेला. आई, तू त्या रात्री जेवली नव्हतीस. 50 किलोच्या गटात वजन 100 ग्रॅम जास्त भरलं म्हणून तिला बाहेर काढलं, हे मुलांना पटेचना. शेवटी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी काट्यावर 100 ग्रॅम मूगडाळ मोजून दिली आणि ती एकेकाच्या ओंजळीत फिरली. ओंजळ भरतही नव्हती. कुणी म्हणालं नियम म्हणजे नियम, कुणी म्हणालं तिनं आदल्या दिवशी सगळ्यांना हरवलं ते खोटं का? मी मध्ये पडले नाही. माझंही मन विनेशकडेच होतं, आहे.

आता नीरज चोप्राचं सांगते. भालाफेकीची फायनल 8 ऑगस्टला रात्री उशिरा. शनिवारी सकाळची शाळा, पाऊस थोडा उघडला होता आणि सुकती होती. इथं ओहोटीला सुकती म्हणतात. मोजपट्टी, सुतळी आणि चार बांबू घेऊन आम्ही पुळणीवर गेलो. 89.45 मीटर मोजून पहिला बांबू रोवला. मुलं मागं वळून बघतात तर सुरुवातीला उभे असलेले सर एवढेसे दिसत होते. "बाई, हतसून थयसर?" (इथून तिथपर्यंत?) असं म्हणत एकानं डोक्यालाच हात लावला. मग अर्शद नदीमचा 92.97 चा बांबू. मधलं अंतर 3 मीटर 52 सेंटिमीटर, ही दशांशाची वजाबाकी फळ्यावर कितीही केली तरी हवेतच राहते. वाळूवर तीन मुलांना एकापुढे एक आडवं झोपवलं. तिसऱ्याचे पाय बांबूच्या जेमतेम पुढे गेले. पाकिस्तानच्या अर्शदचं सोनं आणि आपल्या नीरजची चांदी यांच्यात तिसरीतली तीन पोरं मावली. नीरजच्या आई म्हणाल्या की ज्याला सोनं मिळालं तोही आपलाच मुलगा, हे मी तिथंच वाळूत उभ्यानं सांगितलं. समुद्राचा आवाज मोठा होता, दोनदा सांगावं लागलं.

सप्टेंबरमध्ये गणपती आले, शाळा रिकामी झाली. पॅरालिंपिकमध्ये आपल्याला 29 पदकं मिळाली आणि आटपाडीकडच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्य मिळवलं, ते सुट्टीनंतर वाचलं. मार्सेच्या समुद्रात झालेल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींवर मात्र दोन आठवडे रेंगाळलो, कारण एका मुलाचे आजोबा वर्गात आले. खारे वारे आणि मतलई वारे पुस्तकात अर्ध्या पानात आहेत. आजोबांनी पंचाचं शीड करून दाखवलं, वारा समोरून आला तर होडी नागमोडी कशी काढायची तेही. आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन तिकडे हेच करत होते, फक्त त्यांच्या होडीत जाळं नव्हतं.

जानेवारी आनंदाचाही गेला आणि दुःखाचाही. दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि 19 तारखेला आपल्या मुली आणि मुलगे, दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्रातले. आमच्या मुलींनी सुरूच्या दोन झाडांना खांब मानून आठवडाभर दम खाल्ला नाही. पण केंद्राच्या स्पर्धेत आम्ही संघ उतरवू शकलो नाही. मैदानात नऊ जणी लागतात, आमच्याकडे पहिलीतल्या धरून मुली आठ. आठ, बाबा. मुंबईला गेलेल्या एका कुटुंबातली पोर असती तर नऊ झाल्या असत्या. कुणाला दोष द्यायचा? पोटासाठी गेलेत. पण त्या दिवशी बसमध्ये मुलींचे चेहरे मला बघवले नाहीत. धावण्यात आमची सेंट लुसियावाली तिसरी आली. तिच्या आईनं बुटांचं विचारलं तर म्हणते, "ज्युलियनाकडेय बूट नाय होते."

मार्चमध्ये होळीला चाकरमानी आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुळणीवर आमचं स्वतःचं ऑलिंपिक केलं. पदकांवरून वाद झाला होता. पॅरिसच्या प्रत्येक पदकात आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा 18 ग्रॅमचा षटकोनी तुकडा आहे, हे वाचल्यापासून मुलांना दुकानातली पदकं नकोच होती. आपल्या पदकात आपल्या गावचं काय घालायचं? करवंटी म्हणाले, चिरा म्हणाले. मग शीड दाखवणारे तेच आजोबा म्हणाले, माझी होडी न्या. सात-आठ वर्षं ती सुरूच्या बनात उलटी पडून होती. सुतारानं एक फळी कापून षटकोनी तुकडे केले. वर्षानुवर्षं तेल पिऊन लाकूड काळं झालेलं, कापल्यावर आतून मात्र मधासारखं पिवळं. काही तुकड्यांत खिळ्याची भोकं आयती होती, त्यातूनच फीत ओवली. आजोबांनी एक तुकडा उचलून नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मुलं गप्प उभी होती.

आया पळाल्या, आज्यांनी नारळ फेकले, मुंबईहून आलेल्या बापांनी पायात पाय बांधून शर्यत केली. त्यातल्या एका बापानं जाताना सरांना विचारलं, पोराला जूनपासून इथं आजीकडे ठेवलं तर चालेल का. अजून ठरलेलं नाही. पण विचारलं.

जूनमध्ये चौथीतले पाच जण जातील, पहिलीला आत्तापर्यंत तीन नावं आहेत. मी गेले तर माझी जागा भरेपर्यंत सर एकटे चार वर्ग बघतील. हे मी ओझं म्हणून सांगत नाही, आई. मला इथं राहावंसं वाटतंय, हे खरं कारण. शिकवायचं म्हणजे काय, ते इतक्या वर्षांत यंदा पहिल्यांदा अंगात भिनलं, आणि हातात आलेलं असताना सोडवत नाही. मला अजून दोन वर्षं द्या. तुमच्यापैकी कुणालाही बरं नसलं तर मी रात्रीच्या रात्री घाट चढून येईन, तो शब्द आहेच.

आणि मे महिन्यात तुम्ही या. राधानगरीहून दाजीपूर, फोंडा घाट उतरला की कणकवली, तिथून मी घ्यायला येते. बाबांनी पुढच्या सीटवर बसावं, गुडघा लांब करता येतो. आई, कांदा-लसूण चटणी आण, मावशींनी तीनदा आठवण केली आहे. आणि बाबा, तालमीतली तुमची व्यायामाची करेलची जोडी माळ्यावर असेल ती दादाकडून काढून घ्या.

आमची एक ऑलिंपिक वही आहे. त्यात मुलं प्रश्न लिहितात आणि ज्याला उत्तर येतं त्याच्या हातानं ते लिहून घेतात. चौथीतल्या मुलीनं फेब्रुवारीत लिहिलंय, "कुस्तीत सगळ्यात पहिलं काय शिकवतात?" खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत आणि कंसात लिहिलंय, बाईंचे बाबा.

तुमची,
धाकटी