वीज गेली की पाणी जाते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की वादळात कोणती काळजी घ्यावी याच्या सूचना सगळीकडून येऊ लागतात. विजेरी, मेणबत्त्या, कोरडा खाऊ, औषधे हे सारे त्यांत असते आणि ते योग्यच आहे; परंतु कोकणातील घराची खरी अडचण पाण्याची असते, आणि तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड जिल्ह्यात आणि दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. अंधार माणूस निभावून नेतो; पण परसात पाण्याची विहीर असताना घरात कळशीभर पाणी नसावे, हे सोसवत नाही. पंप आले तसे रहाट मोडीत निघाले, दोर-पोहरा माळ्यावर गेला आणि विहिरींवर लोखंडी जाळ्या कायमच्या जखडल्या गेल्या. घरगुती इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, विहिरीवरचा पंप नव्हे. (विकणारे हे आपणहून सांगत नाहीत.) म्हणून पावसापूर्वी कप्पी बसवून, जाळीला पोहरा जाईल एवढी झडप ठेवून, नव्या दोराने एकदा तरी पाणी शेंदून पाहावे.

इन्व्हर्टर असलाच तर तो जिन्याखाली ठेवू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तळमजलेच्या तळमजले बुडाले. अशा ठिकाणी बॅटरी वरच्या मजल्यावरच हवी, आणि पाणी उंबऱ्याशी येण्याआधी मेन स्विच बंद करायला हवा.

जनरेटरबाबत मात्र कळकळीची विनंती आहे. काही जण त्याची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचतात. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) नसेल तर ती वीज उलट वाहिनीत जाते आणि रोहित्रातून तिचा दाब वाढून, लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. जनरेटर पडवीतही लावू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

ग्रामपंचायतींनी निदान प्रत्येक वाडीतील एका सार्वजनिक विहिरीवर रहाट पुन्हा उभा करावा. नळपाणी योजनाही शेवटी पंपावरच चालतात, त्यामुळे हा खर्च अनाठायी ठरणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घेण्यास काहीच हरकत नसावी.

आपला,
एक वाचक, दापोली