पमे, त्या पोरीला काय सांगू?

नारायणगाव
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पमे,

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू ब्लू टिक करून ‘बोलू गं निवांत’ म्हणाली असतीस आणि ते निवांत दिवाळीला उजाडलं असतं, म्हणून मेल. चहा घेऊन बस, लांब आहे. तब्येती सगळ्यांच्या ठीक, आईचा गुडघा आहे तसाच, मला थायरॉइडची गोळी चालू झालीये. झालं.

तर झालंय असं की माझ्या एमएस्सीच्या वर्गातल्या एका पोरीला बँकेत क्लार्कची नोकरी लागलीये. पेढे वगैरे वाटून झाले. आणि त्याच आठवड्यात तिचा जेस्टचा, आपल्या त्या फिजिक्सच्या पीएचडी प्रवेश परीक्षेचा, निकाल आला, आणि रँक अशी आहे की इंटरव्ह्यूचे कॉल येणार म्हणजे येणारच. पोरगी स्टाफरूमच्या दारात उभी, हातात दोन्ही प्रिंटआउट, आणि मला विचारते, मॅडम, काय करू. मला! तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला, जिला मे महिन्यात पगार नसतो, ती करिअरचा सल्ला विचारतेय. मी म्हटलं दोन दिवस दे, माझी एक मैत्रीण आहे, खरीखुरी अ‍ॅस्ट्रॉनॉमर, तिला विचारते. म्हणजे तू. आता गळ्यात पडलंय ते निस्तर.

ही पोरगी कोण ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील असे दरवर्षी चार येतात. खोडदच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. घराच्या गच्चीवरून जीएमआरटीच्या, त्या रेडिओ दुर्बिणीच्या, डिश दिसतात, लहानपणापासून बघतेय, पण आतमध्ये पहिल्यांदा गेली ती सायन्स डेला शाळेबरोबर, आपण जायचो तशीच, २८ फेब्रुवारीला, प्रदर्शनातले वडे खायला. मग जून २०२३ मध्ये ती पल्सारवाली बातमी आली, ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या ताऱ्यांतून ऐकलेली गुरुत्वीय लहरींची ती मंद घरघर, आणि त्यात आपल्या खोडदच्या डिशांचा डेटा आहे म्हटल्यावर हिचं डोकं फिरलं. तेव्हा बीएस्सीत होती. एमएस्सीला माझ्या हाताखाली आली तेव्हा म्हणे मॅडम, मला आकाशगंगेतल्या हायड्रोजनची रेडिओ रेषा पकडायचीये, १४२० मेगाहर्ट्झची, घरच्या घरी.

मी म्हटलं कर. मला वाटलं आठवडाभरात विसरेल. पमे, तिने थिनरचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा आणला, त्यात तांब्याची सव्वापाच सेंटिमीटरची तार बसवली, टीव्हीच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्याला स्वयंपाकाची फॉइल चिकटवून हॉर्न, म्हणजे भोंग्यासारखा अँटेना, केला, आणि ऑनलाइन मागवलेला तो छोटा एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबी रेडिओ, लॅपटॉपला. अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे भावाच्या मोबाइल रिपेअरच्या दुकानातून. हॉर्न शेतात लावायचा होता पण उसात बिबट्या फिरतोय म्हणून तिच्या आईने गच्चीच्या पलीकडे जाऊ दिलं नाही, त्यामुळे आमची वेधशाळा पाण्याच्या टाकीशेजारी, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या मधे. पहिले कितीतरी दिवस नुसता कचरा. एक स्पाइक यायचा तो आम्हाला आकाशगंगा वाटायचा, तो निघाला टाकीवरच्या एलईडीचा. जानेवारीत एकदा रात्री दहाला सारथी तारकासमूह डोक्यावर आला होता, मी तिच्या घरीच होते, आणि स्क्रीनवर हायड्रोजनचं ते टेकाड आलं. बारकं, गबाळं, पण हॉर्न जमिनीकडे वळवला की गायब आणि वर केला की परत. तिचे वडील जिन्यात उभे राहून म्हणाले, एवढ्यासाठीच का? तर ती म्हणाली हो, एवढ्यासाठीच. तुझी फार आठवण आली, कारण ही तुझी बोलायची पद्धत.

वडिलांचं तसं जीएमआरटीशी वैर आहे. त्या तबकड्यांपायी कारखाने येऊ देत नाहीत, आणि आता पुणे-नाशिक रेल्वेसुद्धा तिकडून वळवली, मग आम्ही टोमॅटो काय आकाशगंगेला विकायचे का, असं ते मलाच विचारतात, जणू मीच नकाशा काढला. मी काय सांगणार की काका, रेल्वेच्या विजेच्या ठिणग्यांचा आवाज त्या डिशांना आकाशापेक्षा मोठा ऐकू येतो. सांगितलं एकदा. ते म्हणाले मग डिश हलवा.

असो. मुद्दा. गेल्या डिसेंबरात तिला पुण्यातल्या एनसीआरए-आयुका या खगोल संस्थांच्या रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमी विंटर स्कूलला पाठवलं. राहायची-खायची सोय, पुण्यातली लेक्चर्स, स्वतः प्रयोग करायचे, मग जीएमआरटी. परत आली ती वेगळीच. तिथे कुणीतरी तिला सांगितलं की दुर्बिणीचा वेळ मागायला प्रपोजल जगातून कुणीही टाकू शकतं, जानेवारी आणि जुलैच्या मध्यात डेडलाइन असतात, पीएचडीची पोरं स्वतःच्या नावावर टाकतात. तिला हे खरंच वाटेना. तिच्या दृष्टीने ती डिश म्हणजे सरकारी मालमत्ता, कुंपणाच्या आत, वॉचमन. आता घरी बसून, सामान्य लोकांना खगोलाचा खरा डेटा तपासायला देणाऱ्या त्या रॅड अ‍ॅट होममध्ये जुन्या सर्वेच्या नकाशांवर रेडिओ गॅलक्सी शोधत बसते, मोबाइलवर, गाईचं दूध काढायच्या आधी.

आत यायला दारं किती आहेत बघ गं. आपल्या वेळेला एवढी नव्हती, किंवा असतील तर मंचर-जुन्नरपर्यंत कुणी सांगायला आलं नाही. विंटर स्कूल आहे, आयुकाचं उन्हाळ्यातलं विद्यार्थ्यांसाठीचं व्हीएसपी, टीआयएफआरचं तसंच व्हीएसआरपी, बंगळुरूला आयआयए, आरआरआय, वर नैनितालला एरीज या संस्था. बहुतेक ठिकाणी फी नाही, उलट खर्च तेच करतात. पीएचडीला लागलं की २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे महिन्याची फेलोशिप, ३७ हजार, दोन वर्षांनी ४२, वर घरभाडं. तू लागलीस तेव्हा १६ होते आणि त्यातून तू मला अनिकेत कँटीनला उपमा खाऊ घालायचीस आणि वहीत लिहून ठेवायचीस, भिकारडे. म्हणजे पहिली पाच-सहा वर्षं बँकेच्या क्लार्कपेक्षा वाईट नाहीत, हे मी तिच्या वडिलांना कागदावर करून दाखवलं. ते कागदाकडे बघून म्हणाले, आणि सातव्या वर्षी?

बोल आता. सातव्या वर्षी काय?

मी गप्प बसले. कारण सातव्या वर्षी तू तात्पुरत्या पोस्टडॉकवर केपटाउनला होतीस, आणि दहाव्या वर्षी बॉनला, आणि दर ऑक्टोबरात तुझे फोन बंद व्हायचे कारण पुढच्या नोकरीचे अर्ज, आणि दर फेब्रुवारीत तू ती रूमर मिल वेबसाइट उघडून बसायचीस कुणाला कुठे ऑफर गेली बघत, आणि ऑफर स्वीकारायची १५ तारीख उलटली की मला एकच शब्द पाठवायचीस. कधी ‘मिळालं’, कधी ‘श्रीखंड’, म्हणजे शोक. यंदाचा शब्द अजून आलेला नाही, मी मोजत नाहीये असं समजू नकोस.

पोरीशी वाद घालून बघितला. म्हटलं, बाई, आत यायला दहा दारं आहेत, बाहेर पडायला एकच खिडकी, आणि तिथे रांग आहे. तर ती म्हणते, मॅडम, गुरुत्वीय लहरी पकडणारं लायगो आपल्या हिंगोलीत होतंय, औंढ्याला, २६०० कोटी मंजूर झालेत, परदेशातल्या त्या भल्यामोठ्या रेडिओ दुर्बिणीला, एसकेएला, भारत १२५० कोटी घालतोय, मी पीएचडी होईन तेव्हा माणसं लागतीलच ना? आणि मला तू दिसलीस. २०१४, आयुकातल्या न्यूटनच्या पुतळ्याखाली बसून, ‘अगं टीएमटीत भारत गेलाय, आपण तयार होऊ तोवर तीस मीटरची दुर्बीण उभी असेल, माणसं लागतीलच.’ पुढच्याच वर्षी हवाईतल्या मौना केआवर लोकांनी तिचा रस्ता अडवला आणि ती दुर्बीण त्या डोंगरावर अजून उभी नाही. म्हणजे लोकांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांचा डोंगर आहे. आमचे काकाही तेच म्हणतात, त्यांचं कुणी ऐकत नाही एवढाच फरक. पण यंत्राला कोटी मंजूर होणं आणि माणसाला कायमची जागा निघणं या दोन वेगळ्या फायली आहेत, त्या एकमेकींना भेटत नाहीत, हे त्या पोरीला कोण सांगणार? मी सांगितलं तर ती म्हणेल मॅडमना जमलं नाही म्हणून.

आणि तू तेच म्हणाली होतीस. थांब, चिडू नकोस, पण म्हणाली होतीस. मी दुसऱ्यांदा जेस्टला बसले नाही तेव्हा तू म्हणालीस घाबरलीस. आणि मी म्हटलं तुझ्या घरात दोन पगार आहेत, तुला घाबरायची गरजच नाही. मग तू माझी लॅबची वही परत केलीस, ती पण कोपरा दुमडलेली, आणि आपण पूर्ण सेमिस्टर बोललो नाही. मला अजून वाटतं मी बरोबर होते. तुलाही वाटत असेल. फक्त आता गंमत अशी झालीये की तुझं कॉन्ट्रॅक्ट वर्षावर आहे आणि माझं तासावर, आणि आपल्या दोघींपेक्षा त्या पोरीच्या बँकेचा शिपाई जास्त पर्मनंट आहे.

नारळीकर सर गेले तेव्हा मी वर्गात सांगितलं की ते सही मागणाऱ्या पोरांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगायचे आणि उत्तर लिहून खाली सही करायचे. हीच पोरगी म्हणाली, मग उत्तर मिळेपर्यंत पोरं करायची काय? सगळे हसले. मला तो प्रश्न आता या सगळ्या प्रकरणाला लागू वाटतो. वाट बघायची असते हे आपण पोरांना शिकवतो, पण किती, आणि कुणाच्या जिवावर, ते नाही. उन्हाळी शाळांमध्ये डेटा रिड्यूस करायला शिकवतात, इंटरफेरन्स, म्हणजे बाहेरचा कचरा, फ्लॅग करायला शिकवतात, एखादं लेक्चर यावरही ठेवा ना की पीएचडी झाल्यावर रेडिओ खगोलवाला डेटा सायन्समध्ये, टेलिकॉममध्ये, हवामान खात्यात कसा जातो, आणि गेला तर तो मेला असं समजू नका. तुमच्या जमातीत बाहेर पडलेल्या माणसाबद्दल सुतकात बोलल्यासारखं बोलतात. तू स्वतः बोलतेस.

माझं मन कुठे आहे ते तुला कळलंच असेल. मला वाटतं तिने जावं. पाच वर्षांची पगारी नोकरी समजून जावं, मधेच चांगलं कोडिंग शिकावं, हार्डवेअर सोडू नये कारण तो तिचा हात आहे, आणि संपल्यावर बघावं. बँकेची परीक्षा वय बसतंय तोवर तिला परतही देता येईल. पण हे मी म्हणणं सोपं आहे, सोसायचं तिच्या घराने. लग्नाचं घरात निघतंयच, तो वेगळाच गुंता, त्यावर तू न बोललेलं बरं, तुझा नवरा हॉलंडात आणि तू बॉनला हे ऐकलं तर काका तिला आजच्या आज बँकेत पोचवून येतील.

हो, तुझं विचारायचं राहिलंच. जर्मनीतला तो पीएचडीनंतर सहाच वर्षं तात्पुरत्या कॉन्ट्रॅक्टवर ठेवण्याचा नियम तुला किती उरलाय? रामानुजन, ती परदेशातून परत यायची फेलोशिप, भरतेस का, चाळिशीच्या आत लागतं ना, अजून आहेस आत, भर की. आणि केस परत कापलेस ते फोटोत दिसलं, चांगले दिसतात, पहिल्यासारखे घाण नाही. काकूंना मी मागच्या महिन्यात भेटले, चकल्या दिल्या होत्या तुझ्यासाठी, त्या आम्ही खाल्ल्या.

आता काम. तिला फोन कर. मी नंबर पाठवते. संध्याकाळी सातनंतर कर, आपल्या सातनंतर, तोवर ती गोठ्यात असते. इंग्रजीत सुरू करू नकोस, ती घाबरून फक्त येस मॅम येस मॅम करेल. युरोतला पगार सांगू नकोस, सांगितलास तर भाडं आणि टॅक्सही सांग. सातव्या वर्षाचं विचारेल, तेव्हा मला सांगतेस तसं गोड करून सांगू नकोस, ‘चाललंय गं’ अजिबात चालणार नाही. रात्री तीनला अर्ज भरताना मला फोन करून जे बोलली होतीस ना, ते सांग. आणि त्याच फोनच्या शेवटी मी म्हटलं होतं मग सोड आणि ये, तर तू चक्क हसलीस आणि म्हणालीस उद्या डेटा येणारे. तेही सांग. दोन्ही सांग, ती हुशार आहे, तिचं ती बघेल.

बँकेत शुक्रवारपर्यंत होकार द्यायचाय, त्यामुळे गुरुवारच्या आत. आणि तुझा यंदाचा शब्द काय आहे तेही कळव, श्रीखंड असेल तरी.

तुझीच,
नमी

ता.क. अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे भावाने वसूल केले, पोरीने त्याच्या दुकानाची बिलं महिनाभर एक्सेलमध्ये भरली.