रामलिंगच्या माकडांना खाऊ देऊ नका

संपादक महोदय,

पावसाने जोर धरला की सोलापूरहून तुळजापूर-धाराशिवमार्गे येडशीच्या रामलिंग मंदिराकडे गाड्यांची रीघ लागते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षभर डोळ्यांपुढे बाभळी आणि कुसळं. बालाघाटाच्या डोंगरातली ती हिरवी दरी, मंदिराजवळ कोसळणारं पाणी बघायला माणसं आसुसलेली असतात. पाऊस ओसरला की धबधबाही आटतो, त्यामुळे सगळी गर्दी याच दिवसांत.

गेल्या पावसाळ्यात सुनेला आणि नातवंडांना घेऊन मीही गेले होते. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर एका गृहस्थांनी फोटोसाठी आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात कुरकुऱ्याचं पाकीट दिलं आणि हात माकडापुढे धरायला लावला. माकडाने पाकीट हिसकावलं, मुलाच्या मनगटावर नख ओढलं गेलं. पोर किंचाळलं, तशी वडिलांनी माकडाला दगड मारला. आधी आपणच बोलवायचं आणि जवळ आलं की मारायचं, हे मला फार लागलं.

जवळच्या लोकांनी त्यांना आधी जखम साबणाच्या पाण्याने धुवायला आणि मग लस घ्यायला दवाखान्यात जायला सांगितलं, हे बरं झालं. माकडाचा ओरखडाही अंगावर काढायचा नसतो.

रामलिंग घाट १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. रावणाशी झुंजलेला जटायू इथेच पडला आणि रामाने त्याला पाणी पाजलं, असं तिथे सांगतात. पाखराच्या नावाने हात जोडायचे आणि दहा पावलांवर माकडाला तेल-मिठाचं पाकीट चारायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. उंबराची, वडाची फळं खाऊन माकडं रानभर बिया टाकत फिरतात. खाऊच्या आशेने रस्त्याकडेला बसलेलं माकड ते काम सोडतं आणि एक दिवस गाडीखाली येतं.

धबधब्याखाली भिजून बहुतेक जण परत फिरतात. आम्ही पायवाटेने थोडं पुढे गेलो. गलका मागे राहिला, मोर ओरडत होता, आणि झाडावर एक कळप कोवळा पाला ओरबाडत बसला होता. आमच्याकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. नातू बराच वेळ मान वर करून बघत उभा होता. त्याला पाकिटाची आठवणसुद्धा झाली नाही.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही घाट लागण्याआधीच खाऊन घेतली होती, डबे गाडीतच ठेवले. शाळांच्या सहलींनाही हे सहज जमेल. मुलांना रानात न्यायच्या आधी खायला घालावं आणि पाकिटं बसमध्येच ठेवायला लावावीत, अशी माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. आणि आपल्या दैनिकाने पावसाळी सहलीच्या ठिकाणांची माहिती छापताना, अंतर आणि रस्ता देता त्याच चौकटीत ‘माकडांना काहीही खायला देऊ नका’ ही एक ओळ ठळक अक्षरांत छापावी.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जुळे सोलापूर