मॅडम, गॉगल आता फक्त उन्हात लागतो

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शेवटच्या गुरुवारी निघताना घसा भरून आला, दोन शब्दही नीट बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण डोक्याला मार लागलेल्या माणसाने मानसशास्त्रज्ञाकडे जावं, हे आमच्या खानदेशात अजून कुणाच्या गावीही नाही.

गाडीवरून पडलो तेव्हा हेल्मेट नव्हतं. काही मिनिटं शुद्ध हरपली, ती दुपार आजही आठवत नाही. सीटी स्कॅन चांगला आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पण चार महिने उलटले तरी डोकं ठणकायचं, गरगरायचं. केळीच्या काट्यावर वजनं लिहिताना आकडा कानावर पडायचा आणि कागदापर्यंत पोचायचा नाही. पोरं जोरात हसली तरी अंगावर धावून जायचो. एका दवाखान्यात सांगितलं, सगळं नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका. नातेवाईक म्हणत, आत रक्ताची गाठ असेल. मी घरातसुद्धा काळा गॉगल लावून, खिडक्यांना चादरी बांधून बसलो.

तुम्ही पहिल्या दिवशी "काय व्हयनं, सांगा" एवढंच म्हणालात आणि पाऊण तास ऐकलंत. आपल्या अहिराणीतले ते दोन शब्द ऐकूनच अर्धा भार उतरला. मग म्हणालात, तुमचं दुखणं खरं आहे. स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. मेंदूचं काम कसं चाललंय ते दिसत नाही. बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत, स्मृतीतली पोकळी 24 तासांच्या आत, म्हणून ही सौम्य इजा. बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत बरे होतात. काहींचं रेंगाळतं, आणि तेव्हा झोप, मान, भीती, आधीची डोकेदुखी असं बरंच काही एकमेकांत गुंतलेलं असतं. चार महिन्यांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

रोजचं काम आणि दुखणं लिहायला तुम्ही दिलेली ती वही मात्र मला फार जड गेली. बरं वाटलं की मी आठवड्याचा हिशेब एका बैठकीत उरकायचो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. तुम्ही घड्याळ लावून दिलंत: पंधरा मिनिटं काम, मग थांबायचं. बरं वाटत असलं तरी थांबायचं, आणि थोडं दुखत असलं तरी ठरलेलं काम टाळायचं नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. दुपारची झोप बंद, सकाळी उठायची वेळ एकच. मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडेही तुम्हीच पाठवलंत.

गॉगलचं तर पटतच नव्हतं. घरात अंधार करून बसल्याने डोळे उजेडाला आणखी हळवे होतात, म्हणालात. आधी स्वयंपाकघरात दहा मिनिटं गॉगलशिवाय. मग ओसरीवर. पहिल्या दिवशी चुलीजवळ उभा राहिलो, कपाळात कळ आली, छाती धडधडली. ही भाकऱ्या थापत होती, काही न बोलता तिने खिडकीची चादर अर्धीच बाजूला केली. दहा मिनिटं झाली. कळ होती, पण वाढली नाही. ते मी वहीत लिहिलं, आणि त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी सलग झोप लागली.

डोकं अजून कधीतरी दुखतं. पण आता ते दुखलं की मरणाचा विचार येत नाही. तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: वारंवार उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, हातपाय लुळे पडणं, फिट येणं, गुंगी येणं, यातलं काही झालं तर ताबडतोब दवाखाना. बाकीचं दुखणं सोसत आपलं काम करायचं. ती चिठ्ठी सहा महिने खिशात होती.

काट्यावर पुन्हा दिवाणजी म्हणून बसतोय. मागच्या महिन्यात शेजारचा पोरगा ट्रॅक्टरवरून पडला. स्कॅन चांगला आला, पण अंधाऱ्या खोलीत पडून असतो असं त्याची आई सांगत होती. तिला तुमचा पत्ता दिला, आणि ती चिठ्ठीही.

तुमचा,
गुरुवारी साडेअकराला येणारा पेशंट