‘कुठले आकडे नीट येतायत ते सांग’: एक आभारपत्र

आदरणीय सर,

फोनवर आभार मानायला गेलो तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण जुन्या सिरियल पोर्टपुढे (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीपुढे) हात टेकलेल्या आणखी कुणाला तुमची पद्धत कामी येईल.

प्रयोगशाळेतला जुना वजनकाटा संगणकाला जोडायचा होता. काट्याला 25 पिनांचं सॉकेट, संगणकाच्या बाजूला यूएसबी कन्व्हर्टरचं 9 पिनांचं टोक, मधे विकत आणलेली तयार केबल. स्क्रीनवर एक अक्षर उमटत नव्हतं. काट्याची पुस्तिका केव्हाच गहाळ झालेली. चार दिवस मी नुसता बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, बदलत बसलो होतो. एका सहकाऱ्याने तुमचा नंबर दिला. आपली ओळख ना देख, तरी पहिल्याच फोनला तुम्ही सव्वा तास दिलात.

‘मीटर आहे का जवळ?’ हा तुमचा पहिला प्रश्न. आधी केबल काढून कन्व्हर्टरच्या 2 आणि 3 या पिनांमध्ये तारेचा तुकडा घालायला लावलात. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत आलं, म्हणजे संगणकाची बाजू धडधाकट. मग काट्याच्या सॉकेटवर काळा प्रोब 7 वर, तो ग्राउंड, आणि लाल प्रोब आधी 2 वर, मग 3 वर. 2 वर उणे 10.8 व्होल्ट, 3 वर जवळपास शून्य. ‘उणे दाखवतोय तो बोलणारा. लाइन गप्प असते तेव्हा बोलणारा उणेवर उभा असतो,’ असं तुम्ही म्हणालात. आरएस-232 मध्ये, म्हणजे या सिरियल जोडणीच्या मानकात, उणे 3 ते उणे 15 व्होल्ट म्हणजे 1, अधिक 3 ते अधिक 15 म्हणजे 0, हे मी वाचलेलं होतं. पण मीटर लावून बोलणारी पिन ओळखता येते, हे कधी सुचलं नव्हतं.

मग कळलं की काटाही संगणकासारखाच टर्मिनलच्या, म्हणजे टोकाच्या यंत्राच्या, भूमिकेत आहे. 1960 साली हे मानक आलं ते टर्मिनल आणि मोडेम (डेटा फोनलाइनवरून नेणारं यंत्र) जोडायला. पिनांची नावं टर्मिनलच्या बाजूने ठरली, त्यामुळे मोडेमवर ‘टीएक्सडी’ (पाठवण्याची पिन) लिहिलेल्या पिनेवर मोडेम ऐकतो. त्यात आणखी एक गुंता. 25 पिनांत टीएक्सडी 2 वर आणि आरएक्सडी (ऐकण्याची पिन) 3 वर. 1984 च्या आयबीएम पीसी/एटीबरोबर रूढ झालेल्या 9 पिनांत नेमकं उलट. म्हणून मोडेमसाठीच्या तयार केबलमध्ये 2 आणि 3 ची अदलाबदल असते. आमच्याकडे तीच होती, आणि तिने दोन बोलणारे समोरासमोर बांधले होते. आम्हाला हवी होती ती 2 ला 2, 3 ला 3 आणि ग्राउंडसाठी 9 पिनांकडच्या 5 ला 25 पिनांकडची 7. दिसायला सरळ, पण कामाने क्रॉस! हे कागदावर काढल्याशिवाय मला पटलं नाही, आणि मी काढेपर्यंत तुम्ही फोन धरून थांबलात.

तारा डकवल्या तरी काटा गप्पच. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘तो परवानगीची वाट बघतोय.’ मग काट्याच्या बाजूला परवानगी मागणाऱ्या आणि देणाऱ्या पिना आपसात जोडायला लावल्यात: 4 आणि 5 एकमेकांना, 6, 8 आणि 20 एकत्र. सोल्डरच्या त्या इवल्या वाट्यांत तारेचे तुकडे बसवताना माझा हात थरथरत होता. प्लग लावला आणि अक्षरं आली, पण अर्धी चिन्हं भलतीच.

इथे तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तुम्ही विचारलंत, ‘कुठले आकडे नीट येतायत ते सांग.’ मी वेगवेगळी वजनं ठेवून बघितली. 0, 3, 5, 6, 9 नीट. 1, 2, 4, 7, 8 बिघडलेले. क्षणभरही न थांबता तुम्ही म्हणालात, ‘सात बिट, ईव्हन पॅरिटी.’ ईव्हन पॅरिटी म्हणजे एकांची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला जादा बिट. नंतर मी मांडून पाहिलं. 3 च्या सात बिटांच्या कोडमध्ये चार एक असतात, तिथे पॅरिटी बिट 0 राहतो आणि आकडा सुखरूप पोचतो. 1 च्या कोडमध्ये तीन एक, मग पॅरिटी बिट 1 होतो, आणि आठ बिट वाचणाऱ्या संगणकाला ते वेगळंच चिन्ह वाटतं. तुम्ही काटा पाहिला नव्हता, स्क्रीन पाहिली नव्हती. नुसत्या पाच आकड्यांवरून सेटिंग सांगितलंत.

पुढे आरएस-485 च्या (लांब अंतरासाठीच्या दुसऱ्या सिरियल मानकाच्या) लांब लाइनवर काम पडलं तेव्हाही मी तसाच निघालो, आधी मीटर, मग सॉफ्टवेअर. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर आहेत का ते लाइन बंद करून मोजलं. दोन्ही समांतर असल्याने साधारण 60 ओहम यायला हवे होते, 120 आले. एका टोकाचा रेझिस्टर बसवलेलाच नव्हता. तुम्हाला फोन न करता सापडलेला माझा तो पहिला दोष, आणि तो सांगायला मी तुम्हालाच फोन केला होता, आठवतं?

सर, तुमचे मनापासून आभार. त्या केबलचा नकाशा आता काट्याच्या झाकणाच्या आत चिकटवलाय, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला चार दिवस घालवावे लागणार नाहीत. त्याचा फोटो पाठवतोय. 6, 8 आणि 20 चा जोड मी बरोबर काढलाय ना, तेवढं एकदा नजरेखालून घाला.

तुमचा,
वजनकाट्यावाला