काका, त्या सुट्या फ्रेम्ससाठी

प्रिय काका,

नोव्हेंबरातल्या त्या रात्री साडेबाराला मी तुम्हाला फोन केला होता. कोथरूडच्या गच्चीवर तासभर त्रिकोण दीर्घिकेवर, एम ३३ वर, कॅमेरा लावला होता आणि पडद्यावर चार-दोन तांबड्या ठिपक्यांपलीकडे काही येत नव्हतं. मला वाटलं कॅमेरा बिघडला. झोपेतून उठून तुम्ही एवढंच विचारलंत, "फिल्टर कुठला लावलायस?"

ड्युअल बँड लावला होता. नवा, पैसे साठवून घेतलेला. हा फिल्टर हायड्रोजनची ६५६.३ आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा सोडतो आणि बाकीचं जवळजवळ सगळं अडवतो, हे मला पाठ होतं. पण दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा उजेड, तो सगळ्या रंगांत पसरलेला, आणि रस्त्यावरच्या एलईडीचाही तसाच, हे तुम्ही सांगेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. एक गाळला की दुसराही जातो. सोडियमच्या दिव्यांचा बराचसा उजेड ५८९ च्या आसपास असायचा, म्हणून जुने फिल्टर शहरात कामाला यायचे. "दीर्घिकेला फिल्टर नको, अंधार हवा," म्हणालात आणि पुढच्या अमावास्येला स्वतःच्या गाडीतून मला वेल्ह्याला नेलंत.

त्या रात्री फोन ठेवण्याआधी तुम्ही आणखी एक विचारलं होतंत: सुट्या फ्रेम्स ठेवतोयस ना? ते एकेक वेगळे फोटो मी ठेवत नव्हतो. लाइव्ह स्टॅक, म्हणजे येणाऱ्या फोटोंची तिथल्या तिथे सरासरी काढून बनणारं एकच चित्र, तयार झाला की तेवढाच जपायचो.

जानेवारीत मृगाच्या शेजारच्या रोझेट तेजोमेघावर तोच फिल्टर लावला. तो तेजोमेघ म्हणजे चमकणारा वायूच, त्यामुळे इथे फिल्टरचं सोनं झालं. दहा मिनिटांत लाइव्ह स्टॅकमध्ये फूल उमललं. आई गच्चीवर आली, स्वेटर ओढून उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. पाच हजार प्रकाशवर्षं लांबची गोष्ट तिला तिथल्या तिथे दिसली. लाइव्ह स्टॅकिंग मला प्रिय आहे ते याचसाठी.

पण दीडच्या सुमारास पातळ ढग आले आणि ते स्टॅकमध्ये मिसळले ते मिसळलेच. सरासरीत एकदा शिरलेलं मागाहून बाहेर काढता येत नाही. या वेळी दोन-दोन मिनिटांच्या ९६ फ्रेम्स डिस्कवर होत्या. रविवारी तुम्ही माझ्या शेजारी बसलात, सिरिल हे खगोलचित्रांचं सॉफ्टवेअर उघडलंत, आणि एकेक फ्रेम बघत आपण ढगाळलेल्या १९ काढून टाकल्या. उरलेल्या ७७ मधल्या उपग्रहांच्या रेघा सिग्मा क्लिपिंगने, म्हणजे बाकीच्या फ्रेम्सपेक्षा फार वेगळे पडणारे ठिपके वगळून, गेल्या, कारण ती रेघ एकाच फ्रेमवर असते आणि बाकीच्या ७६ तिच्या विरुद्ध साक्ष देतात. पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून घेतलेल्या फ्लॅट्सनी, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फोटोंनी, कोपऱ्यातला काळोख आणि धुळीचं वर्तुळ पुसलं. तुम्ही माऊस एकदाही हातात घेतला नाहीत. चुकलो की थांबायचात, मी पुन्हा करेपर्यंत.

चार तास गेले त्यात. तुमचा चहा दोनदा गार झाला.

काका, त्या चार तासांसाठी मनापासून आभार. रोझेटची प्रिंट करून घेतली आहे, शनिवारी घेऊन येतो. एम ३३ च्या वेल्ह्याच्या फ्रेम्सही सोबत आणतो, सगळ्या सुट्या.

तुमचा,
गच्चीवरचा शिष्य